खरीप सल्ला: पेरणीआधी घरातल्या प्रत्येकाच्या मापाचे गमबूट आणा

बियाणं कोणतं घ्यावं, खत किती टाकावं, यावर तुम्हाला सगळीकडून सल्ले मिळतील. मी दर मृगाच्या तोंडावर जे सांगतो तेच यंदाही सांगणार आहे. अनवाणी किंवा नुसत्या चपलेवर शेतात उतरू नका.

रोगाने, किडीने, पावसाने पीक जातं, त्यावर निदान चर्चा तरी होते. पण ऐन खुरपणीत घरातल्या कर्त्या माणसाला पान लागलं, म्हणजे साप चावला, म्हणून पडीक गेलेली शेतं मी पाहिली आहेत, आणि त्यांची नोंद कुठल्याच पंचनाम्यात होत नाही. माणूस दवाखान्यात, घरातले दोघं त्याच्यामागे, बैल दावणीला. सोयाबीनचे पहिले ३०-४० दिवस तण मोकाट वाढलं की पुढे कितीही मजूर लावा, ते पीक भरून येत नाही. घोणस चावली असेल तर माणूस वाचला तरी किडन्यांवर घाला पडू शकतो, डायलिसिसच्या फेऱ्या सुरू होतात, पायाची जखम महिनोन्महिने भरत नाही. हा सगळा तोटा एका गमबुटाच्या जोडाने टळण्यासारखा असतो.

भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले. आपला खरीप तो हाच. आणि दंश होतो कुठे? बहुतेक वेळा पायाच्या बोटांवर, पावलावर, घोट्यावर, नडगीच्या खालच्या भागावर. साप माणसाच्या मागे लागत नाही. त्याच्यावर किंवा अगदी जवळ पाय पडला की तो चावतो, आणि पाय उघडाच असतो.

आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप म्हणजे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. फुरसे हातभर लांबीचं, जांभ्या दगडाच्या रंगात मिसळून जाणारं. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कातळावर, दगडी गडग्यात ते दिसतच नाही. ते चावतं घोट्याच्या खाली, म्हणजे साध्या बुटानेही तिथं संरक्षण मिळतं. घोणस उसात, गवतात, भाताच्या बांधावर सापडते. ती कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार टाकते, पण इंजिन चालू असेल किंवा पाऊस पडत असेल तर तो ऐकू येत नाही. पुष्कळ जण तिला अजगराचं पिल्लू समजून हात लावायला जातात. ती अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, तीही बहुतांशी जून-जुलैच्या सुमारास आणि एका वेळी डझनांनी. वीतभर पिल्लूही पूर्ण विषारी असतं. मण्यार रात्रीची. ती शेतापेक्षा घरात, जमिनीवर झोपलेल्या माणसाला जास्त चावते. तिच्यासाठी बूट कामाचा नाही; खाट आणि गादीखाली चारही बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी हाच उपाय.

आता एक गोष्ट निरीक्षणाची, पुस्तकातली नाही. पहिला जोरदार पाऊस होऊन दोन दिवस उघडीप पडली आणि संध्याकाळी घामाघूम व्हायला होतंय, अशा वेळी बांधावर साप हमखास दिसतात. उंदरांची बिळं पाण्याने भरतात, उंदीर वर येतात, मागोमाग साप येतो. आणि साळुंक्या किंवा टिटव्या एकाच जागेवर घिरट्या घालून ओरडत असतील, तर तिथं काठी आपटल्याशिवाय पाऊल टाकू नका. माझा यावर भरवसा आहे.

मला सगळ्यात जास्त काळजी मात्र रात्री पिकाला पाणी देण्याची वाटते. पावसाने ओढ दिली आणि वीज रात्रीची असली की माणूस झोपेतून उठतो, तसाच अनवाणी मोटार चालू करायला जातो, मग चिखलात दारं धरायला, म्हणजे पाणी वळवायला, उभा राहतो. एका हातात खोरं, दुसऱ्या हातात मोबाईलची बॅटरी, आणि उजेड पायाखाली न पडता समोरच्या पिकावर. या कामाला गमबुटाशिवाय जायचंच नाही, हा नियम घरात करा. डोक्याला बांधायची बॅटरी घ्या, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात आणि नजर जिथे जाते तिथे उजेड पडतो. स्टार्टरच्या पेटीचं दार काठीने उघडा. आत ऊब असते, पाल-बेडूक असतात, त्यामागे साप येतो.

बूट कसा घ्यावा

साधा पीव्हीसीचा किंवा रबरी गमबूट पुरतो. आयएसआय खूण बघा. पीव्हीसीच्या औद्योगिक बुटांचं मानक आयएस १२२५४ आहे, ते बुटावर छापलेलं असतं. नेहमीच्या मापापेक्षा एक नंबर मोठा घ्या आणि आत जाड सुती मोजे घाला. सैल बूट मी मुद्दाम सांगतोय. घोणशीचे विषदात दीड सेंटिमीटरपर्यंत लांब असतात, त्यामुळे कोणताही गमबूट चिलखत नाही. पण बूट आणि पोटरी यांच्यात बोटभर पोकळी असली की दात बुटाच्या जाडीतून पार झाले तरी पोकळीतच राहण्याची शक्यता बरीच वाढते. घट्ट बसणारा बूट हा फायदा घालवतो.

पॅन्ट बुटात खोचू नका, बाहेरून सैल सोडा. अमेरिकेत रॅटल सापांवर झालेल्या एका प्रयोगात, कृत्रिम पायावर सैल डेनिम कापड असताना आत गेलेलं विष जवळपास दोन तृतीयांशाने कमी भरलं. आपले साप वेगळे, पण सैल जाड कापडाचा फायदा आपल्यालाही मिळेल असं मला वाटतं.

उंचीबद्दल पुरुषांना आणि स्त्रियांना वेगळं सांगावं लागतं. उसात, गवतात, रात्रीच्या पाण्यात गुडघ्याच्या खालपर्यंत येणारा लांब बूटच हवा. पण खुरपणी करणाऱ्या ताई-वहिनी दिवसभर उकिडव्या बसतात आणि लांब बुटाची कड गुडघ्यामागे रुतते, कातडी सोलते. मग दुसऱ्या दिवशी बूट घरी राहतो. त्यांना पोटरीच्या मध्यापर्यंत येणारा बूट घ्या. दुकानात ८, ९, १० हेच नंबर मांडलेले असतात. ४ आणि ५ नंबर मागवून घ्या, मिळतात. पुरुषाच्या मापाचा बूट घालून बाईने दिवसभर काम करावं ही अपेक्षाच चुकीची आहे. खुरपणीला सगळ्यात जास्त वेळ जमिनीला टेकून त्याच असतात आणि घरात बुटांचा जोड एकच, तोही मालकाच्या मापाचा, असं मी घरोघरी पाहतो.

"काळ्या आईवर पायताण घालून कसं चालायचं?" हे मला मोठी माणसं विचारतात, आणि मी त्यावर वाद घालत नाही. बांधावर वाकून मातीला हात लावा, नमस्कार करा, आणि मग बूट घाला.

दुसरी तक्रार चिखलाची. ती खरी आहे. भाताच्या चिखलणीत, रोवणीत गमबूट अडकतो आणि काम मंदावतं. अडकला तर पाय सरळ वर ओढू नका. टाच मागेपुढे हलवून खाली हवा शिरू द्या, मग उचला. तरीही जमत नसेल तर निदान बांधावरून येता-जाता, रोपं उपटताना आणि पेंढ्या वाहताना बूट घालाच. माझ्या पाहण्यात रोवणीच्या दिवसांत धोका गढूळ पाण्यापेक्षा गवताळ बांधावर अधिक असतो. कोकणात आणखी एक कारण आहे, लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या चिखलपाण्यातून होणारा आजार. पायाला जखम असेल आणि चिखलात उतरावंच लागत असेल तर बूट घाला. जोखमीच्या काळात आरोग्य विभाग आठवड्याला २०० मि.ग्रॅ. डॉक्सीसायक्लिन देतो, ते डॉक्टरांना विचारूनच घ्या.

घामाने चिखल्या होतात म्हणून बूट सोडू नका. दुपारी जेवताना बूट काढा, पाय कोरडे करा, मोजे बदला.

घालण्याआधी रोज हे करा: बूट उलटा धरा, टाच दगडावर दोनदा आपटा, पुढचा भाग बाहेरून हाताने दाबत या, मगच पाय घाला. रात्री बूट जमिनीवर न ठेवता दोन खुंट्यांवर उलटे टांगा. आत विंचू जाऊन बसतो. लाल विंचवाचा दंश हलका समजू नका, त्यालाही दवाखाना गाठा. त्यावर प्राझोसिन या औषधाचा उपचार महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या कामामुळे रूढ झाला आणि कितीतरी जीव वाचले. रबरी बूट फाटला तर सायकलच्या ट्यूबचं ठिगळ बसतं. पीव्हीसीला ते टिकत नाही, त्यामुळे भेगाळलेला पीव्हीसी बूट बदलाच. फवारणीचे बूट वेगळे ठेवा.

पैसे कशावर घालवू नका

हंगामात खताच्या पोत्याबरोबर लिंकिंगमध्ये, म्हणजे सोबत घ्यायलाच लावून, काय काय गळ्यात मारतात ते तुम्हाला माहीत आहे. त्यात आता साप पळवणाऱ्या पावडरी, वासाची द्रव्यं, जमिनीत खोचायची आवाजाची यंत्रं आली आहेत. यातल्या कशानेही साप खात्रीने दूर राहतो असा पुरावा नाही. तोटा पैशांचा तर आहेच, पण त्याहून मोठा म्हणजे ते टाकल्यावर माणूस निर्धास्त होऊन अनवाणी फिरतो. डांबर गोळ्या, गंधक, कार्बोलिक ॲसिड यांचंही तेच. बांधावर फोरेट या जहाल कीटकनाशकाचे दाणे टाकणारे अजून आहेत. फोरेटचा वापर देशात २०२० अखेरपासून बंद आहे. ते दाणे सापाआधी कोंबड्या, कुत्री आणि लेकरं मारतील. परदेशी बनावटीचे महागडे 'सर्परोधक' पायपट्टे विकायला कोणी आला तर त्याच पैशात घरातल्या सगळ्यांचे आणि दोन मजुरांचेही गमबूट येतात का, हा हिशोब आधी करा.

मजुरांचे बूट मालकाने घ्यायचे. ऊसतोडीच्या टोळीलाही हेच लागू.

नेहमीची कामं, थोडक्यात

- सोयाबीन: ७५ ते १०० मि.मी. पाऊस झाल्यावरच पेरणी, अंतर ४५ × ५ सें.मी., कोळपणी १५-२० दिवसांनी, दुसरी ३० दिवसांच्या आत
- भात: २१-२५ दिवसांची रोपं, चुडात २-३
- मका, लष्करी अळी: इमामेक्टिन बेन्झोएट ५ एसजी, १० लिटर पाण्यात ४ ग्रॅम
- कापूस: ४५ दिवसांपासून कामगंध सापळे, हेक्टरी ५
- तूर: ४५ दिवसांच्या सुमारास शेंडे खुडणी

ही सगळी कामं गमबूट घालून.

हाताचं काय? बूट हात वाचवत नाही. गवताचा भारा, कडब्याची पेंढी, सोयाबीनची गंजी, ताडपत्रीची कड, यांना आधी काठी लावा, मग हात. गंजी घराला लागून रचू नका. साप दिसला तर मारायला जाऊ नका, वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे आणि मारायला जाणाऱ्यालाच तो बरेचदा चावतो. सर्पमित्राला बोलवा.

आणि तरीही पान लागलंच तर

पायातली जोडवी, पैंजण, अंगठ्या, बांगड्या, बूट लगेच काढा. सूज आली की निघत नाहीत. पायाला काठीचा आधार देऊन सैलसर बांधा, हलवू नका. दोरीने आवळू नका, ब्लेड लावू नका, चोखू नका, मांत्रिकाकडे अर्धा तासही घालवू नका. माणसाला चालवू नका. १०८ ला फोन करा. गाडी यायला वेळ असेल तर मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून न्या. साप पकडून नेण्याची गरज नाही. लांबून फोटो मिळाला तर ठीक.

तुमच्या सर्वांत जवळच्या कोणत्या सरकारी रुग्णालयात सर्पविषावरची लस आहे, हे पेरणीआधीच फोन करून विचारा आणि नंबर घराच्या भिंतीवर लिहा. तिथे ही लस मोफत मिळते. विषबाधेची लक्षणं दिसली की सुरुवातीलाच ८ ते १० कुप्या देतात. मुलांनाही मात्रा तेवढीच असते, एवढ्या बाटल्या पाहून घाबरू नका, नको म्हणू नका. कोरड्या काचेच्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटांनी गोठलं का पाहतात, ती तपासणी पुन्हा पुन्हा होते. मण्यारीच्या दंशात सूज नसते, दुखतही नाही, कधी खूणसुद्धा दिसत नाही. पोटात दुखतंय, पापण्या जड होताहेत, गिळता येत नाही, असं म्हटलं की निघाच. बरं वाटतंय म्हणून २४ तासांच्या आत घरी आणू नका.

केसपेपर, औषधांच्या पावत्या आणि डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. दुर्दैवाने मृत्यू झाला तर शवविच्छेदन टाळू नका. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत सर्पदंशाच्या मृत्यूला २ लाख रुपये आहेत आणि त्या कागदाशिवाय प्रकरण अडकतं. अर्जाची चौकशी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात करा.