कोझुमेलचा अर्धा दिवस: आधी चाक, मग पाणी, टकीला शेवटी

मेक्सिकोच्या कॅरिबियन किनाऱ्यासमोर कोझुमेल नावाचं बेट आहे. साधारण ४८ किलोमीटर लांब, १६ किलोमीटर रुंद आणि गाव म्हणावं असं एकच, सान मिगेल. अमेरिकेतल्या मुलांकडे गेलेले सातारा-सांगलीकडचे आईवडील क्रूझने तिथं उतरतात, तर तरुण जोडपी कॅनकूनला विमानाने जाऊन प्लाया देल कार्मेनहून फेरीने येतात. बेटावर हमखास खपणारी सहल म्हणजे चार-पाच तासांत तीन गोष्टी: जंगलातल्या कच्च्या वाटेवर एटीव्ही (जाड टायरांची, हँडलने वळवायची चारचाकी), समुद्रात स्नॉर्केलिंग (मास्क आणि श्वासाची नळी लावून पालथं तरंगत खालचं पाणी बघणं) आणि टकीला या मेक्सिकन दारूची चव. सहल चांगलीच आहे, पण ती नीट पार पडते की नाही हे तिच्या क्रमावर ठरतं.

आधी एटीव्ही, मग पाणी, शेवटी टकीला. यात बदल नको. आधी पोहून मग गाडीवर बसलात तर ओल्या बुटाचा तळवा पायाखालच्या पट्टीवरून घसरतो, अंगावर धूळ चिकटते आणि मिठाने कडक झालेले कपडे मांड्या सोलून काढतात. आधी गाडी झाली तर घाम-धूळ समुद्रातच निघून जाते. टकीला आधी किंवा मध्ये ठेवणाऱ्या सहलीला सरळ नाही म्हणा. एकाच पेगने पाण्यातली दमछाक वेळेवर कळेनाशी होते, गाडीवर तर हातच उशिरा हलतो. बुकिंग करण्यापूर्वी हा क्रम लेखी विचारून घ्या. त्यासोबत आणखी चार प्रश्न: एटीव्ही प्रत्येकाला स्वतंत्र की दोघांत एक, स्नॉर्केलिंग बोटीवरून की किनाऱ्यावरून, पाण्यात एका गाईडमागे किती माणसं, आणि सागरी उद्यानाची फी किमतीत धरली आहे का. एका गाईडमागे आठापेक्षा जास्त माणसं असतील तर दुसरी सहल बघा.

कागदपत्रांत भारतीय पासपोर्टला मेक्सिकोचा व्हिसा लागतो, मात्र अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक) चालू व्हिसा असेल तर वेगळा काढावा लागत नाही. गाडी चालवणाऱ्याने मूळ लायसन्स सोबत ठेवावं. प्रवास विमा घेताना पॉलिसीत एटीव्हीचा अपघात धरला आहे का ते वाचा. बऱ्याच पॉलिसींत तो वगळलेला असतो, आणि दारू प्यायल्यावर झालेली इजा तर जवळपास सगळ्यांतच.

गाडी

बुलेट चालवणाऱ्याला एटीव्ही सोपी वाटते, आणि चुकाही त्याच्याच जास्त होतात. पहिली चूक पायाची. दुचाकी कलली की पाय आपोआप जमिनीला टेकतो. एटीव्हीवर पाय खाली सोडला की मागचं चाक घोट्यावर चढतं. गाडी कितीही हलली तरी दोन्ही पाय पट्टीवरच राहिले पाहिजेत. निघण्यापूर्वी उभ्या गाडीवर दोन मिनिटं बसून हे मनात पक्कं करा.

दुसरी गोष्ट रेस. मूठ पिळायची नसते, उजव्या अंगठ्याने पट्टी दाबायची असते. दचक्यात हँडल घट्ट धरलं की अंगठाही दाबला जातो आणि गाडी उसळते. म्हणून हँडल चार बोटांनी धरायचं आणि अंगठा सैल ठेवायचा. उभ्या गाडीवर ही पट्टी दाबून सोडा. ती झटकन मागे आली नाही तर गाडी बदलून मागा.

तिसरी गोष्ट वळणाची, आणि ती ट्रॅक्टर चालवणाऱ्याला पटकन कळेल. डिफरन्शियल लॉक दाबला की ट्रॅक्टर वळायला नको म्हणतो, सरळच ओढतो. बऱ्याच एटीव्हींचा मागचा आस तसाच एकसंध असतो, दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात. नुसतं हँडल वळवलं तर गाडी पुढेच घसरत जाते. उपाय असा: वळणाआधी वेग कमी करा, अंग वळणाच्या आतल्या बाजूला झुकवा आणि बाहेरच्या पायावर जोर द्या. आतलं मागचं चाक हलकं झालं की गाडी वळते. वेगात वळवून अंग बाहेर राहिलं तर ती उलटते. चढावर छाती हँडलकडे न्या, उतारावर बूड मागे सरकवा. उतारावर नुसत्या ब्रेकवर न राहता रेस पूर्ण सोडली की इंजिनही गाडी धरून ठेवतं.

टायर मऊ वाटले म्हणून घाबरू नका. यांत हवा मुद्दाम कमी असते, साधारण ४ ते ७ पीएसआय. दुचाकीच्या हिशोबाने हवा भरली तर गाडी दगडावरून चेंडूसारखी उडते.

बेट सगळं चुनखडीचं आहे. कोरड्यात पांढरी भुकटी उडते, पाऊस झाला की तीच भुकटी साबणासारखी निसरडी होते. आपल्या काळ्या रानात चाक रुततं, इथं ते घसरतं, म्हणून चिखलात जोरात रेस देऊ नये, हलक्या हाताने पुढे जात राहावं. पुढच्या गाडीपासून चार गाड्यांचं अंतर ठेवा, नाहीतर धुळीत वाटच दिसत नाही. नाकातोंडाला बांधायला सुती रुमाल, डोळ्यांना गॉगल, पायात बंद बूट, अंगात पातळ पूर्ण बाह्या. कॉन्टॅक्ट लेन्स नकोत. निघण्यापूर्वी गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढा, म्हणजे आधीच्या ओरखड्याचे पैसे मागितले तर दाखवायला काहीतरी हाताशी असेल.

मणक्याचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी हा भाग सोडून द्यावा. बसणारे दचके कुठल्याही सीटने जिरत नाहीत.

पाणी

कोझुमेलच्या पश्चिमेचं पाणी शांत आणि स्वच्छ, पूर्वेची बाजू खवळलेली. स्नॉर्केलिंग पश्चिमेलाच करायचं. इथली प्रवाळाची रांग १९९६ पासून राष्ट्रीय उद्यानात आहे. दृष्टी ३० मीटरपर्यंत जाते, पाणी वर्षभर २६ ते २९ अंशांच्या आसपास. हिवाळ्यात उत्तरेचा वारा सुटला की बंदर बंद होतं आणि बोटी निघत नाहीत. जून ते नोव्हेंबर हा वादळांचा काळ. त्या महिन्यांत रद्द झाल्यावर पैसे परत मिळण्याची अट बघूनच बुकिंग करा.

विहिरीत पोहायला शिकलेल्याला पाण्याची भीती नसते. पण विहिरीची सवय इथं थोडी सोडावी लागते. विहिरीत डोकं वर ठेवून हात मारत काठ गाठायचा असतो. स्नॉर्केलिंगला तोंड पाण्यात, अंग सपाट, हात जवळपास स्थिर आणि काम फक्त पायांचं. खारं पाणी गोड्यापेक्षा जास्त तरंगवतं, त्यात लाइफ जॅकेट घातलेलं असतं. लहानपणी पाठीला डबा बांधला होता तसंच हे. डब्यावर भरवसा ठेवून अंग सैल सोडलं की तरंगता यायचं, इथंही तेच करायचं.

जाण्याआधी महिनाभर सराव करा. साताऱ्यात किंवा सांगलीत जवळच्या जलतरण तलावावर मास्क आणि नळी घेऊन आठवड्यातून दोनदा जा. आधी कमरेइतक्या पाण्यात उभं राहून फक्त तोंड बुडवा आणि तोंडाने हळूहळू श्वास घ्या. पाच मिनिटं न घाबरता जमलं की पुढे चला. मग मुद्दाम नळीत पाणी जाऊ द्या आणि जोराची एकच फुंकर मारून ते बाहेर काढा. फुंकरीनंतरचा पहिला श्वास सावकाश घ्यायचा, कारण तळाशी थोडं पाणी उरतं. मास्कमध्ये पाणी शिरलं तर वरची कड कपाळावर दाबून मान थोडी वर करा आणि नाकातून हवा सोडा, पाणी खालून निघून जातं. जमलं तर ऑक्टोबर ते मे यांत एखादा शनिवार मालवणला घालवा. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंग चालतं. पाणी कोझुमेलइतकं नितळ नसतं, पण लाट आणि खाऱ्या पाण्याची चव तिथंच कळते.

आता मिशीबद्दल. आपल्याकडे हा प्रश्न खरोखरचा आहे. मास्कची सिलिकॉनची कड ओठावरच्या केसांवर बसते आणि केसाकेसातून पाणी आत येतं. अख्खी मिशी काढायची गरज नाही. नाकाच्या खाली लगत दोन-तीन मिलिमीटरची पट्टी वस्तऱ्याने साफ केली तरी कड कातडीवर बसते. व्हॅसलीनने गळती थांबते, पण ते सिलिकॉन खराब करतं. स्वतःचा मास्क असेल तर सिलिकॉन ग्रीसच लावा. मास्क बसतो का हे पट्टा न लावता तपासा: तो चेहऱ्याला टेकवा आणि नाकाने हवा आत ओढा. हात सोडल्यावर चिकटून राहिला तर तो तुमचा. पट्टा घट्ट आवळून गळती थांबत नाही, उलट वाढते. काच धुरकट होऊ नये म्हणून आतून थुंकी किंवा बेबी शाम्पूचा एक थेंब चोळा आणि जरासं विसळा.

कोझुमेलला प्रवाह बहुतेक वेळा दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहतो. बोटीची सहल असेल तर बोट दक्षिणेला सोडते आणि उत्तरेला उचलते, त्यामुळे पोहायचं थोडं, वाहायचं जास्त. किनाऱ्यावरून उतरलात तर आधी प्रवाहाच्या विरुद्ध जा, परत येताना तोच तुम्हाला आणून सोडतो. उलटं केलंत तर दमलेल्या पायांनी प्रवाह कापावा लागतो. गाईडची पाठ दिसत राहिली पाहिजे, हा एकच नियम पुरे.

प्रवाळाला हात-पाय लावू नका. तो जिवंत आहे, तुमच्या एका लाथेने मोडलेला तुकडा वाढायला वर्षं लागतात, आणि काही प्रवाळांनी कातडीची आगही होते. एल सिएलो नावाच्या उथळ वाळूत तारामासे दिसतात. फोटोसाठी त्यांना पाण्याबाहेर काढू नका. तिथं चालताना पाऊल उचलून टाकण्याऐवजी वाळूतून घासत न्या, म्हणजे वाळूत लपलेला पाकट (शेपटीत काटा असलेला चपटा मासा) आधीच सरकतो. सनस्क्रीनमधल्या काही रसायनांनी प्रवाळाचं नुकसान होऊ शकतं, त्यामुळे पाठ झाकायला पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्टच घाला. दीड तास पालथं तरंगलं की पाठ आणि मांडीची मागची बाजू भाजून निघते, हे आपल्या लोकांच्या लक्षात येत नाही.

हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नये. गाडीवर घाम गेलेला असतो, म्हणून उतरण्याआधी अर्धा लिटर पाणी आणि एक ओआरएसचं पाकीट घ्या. सकाळी पोट हलकं ठेवा. बोटीवर भरल्या पोटी मळमळतं.

टकीला

कोझुमेलला टकीला तयार होत नाही. कायद्याने ती हालिस्को राज्यात आणि आणखी चार राज्यांच्या काही भागांतच बनवता येते. बेटावर असतं ते चाखण्याचं दुकान आणि दाखवण्यापुरती लावलेली झाडं. ते झाड मात्र आपल्या ओळखीचं आहे. बांधावर लावायची आणि दोर वळायची ती घायपात, तिच्याच कुळातलं निळसर पानांचं झाड म्हणजे टकीलाचा अगावे. ते साधारण सहा-सात वर्षांनी तोडायला येतं. पानं छाटून मधला गड्डा घेतात. अगावेला दांडा फुटू लागला की तो छाटतात, कारण गड्ड्यातली सगळी साखर फुलाकडे जाते. उसाला तुरा आला की उतारा घटतो, तेच इथं. गड्डा कच्चा गोड नसतो, वाफेत शिजवल्यावर त्यातल्या फ्रुक्टन नावाच्या घटकांची साखर होते, मग रस काढून आंबवतात आणि गाळतात.

बाटलीवर '१०० टक्के अगावे' असं स्पॅनिशमध्ये लिहिलेलं नसेल तर त्यात किमान ५१ टक्केच साखर अगावेची असते, बाकीची उसाची किंवा मक्याची असू शकते. उसाच्या पट्ट्यातून तिथवर जाऊन उसाचीच दारू महाग विकत घेण्यात अर्थ नाही. 'नोम' (NOM) या अक्षरांपुढे चार आकडी नंबर असतो, तो कारखान्याचा. तो नसलेली बाटली घेऊ नका. ब्लांको म्हणजे जवळपास न मुरवलेली, रेपोसादो किमान दोन महिने पिंपात, अन्येहो किमान एक वर्ष, एक्स्त्रा अन्येहो किमान तीन वर्षं. नुसत्या सोनेरी रंगावर जाऊ नका, तो कॅरॅमलनेही येतो. अळी घातलेली बाटली टकीलाची नसते, ती मेस्काल या अगावेच्याच दुसऱ्या दारूची.

चाखताना ब्लांकोपासून सुरू करा. नाक ग्लासात खुपसू नका, कडेवरून वास घ्या. पहिला घोट फक्त तोंड ओलं करण्यापुरता, दुसऱ्यात चव कळते. गिळल्यावर तोंडाने श्वास सोडा, मागून येणारा शिजलेल्या अगावेचा गोडसर वास तेव्हाच जाणवतो. मीठ-लिंबाने ती चव झाकली जाते. पाच नमुने प्रत्येकी १५ मिलिलिटर धरले तरी ७५ मिलिलिटर होतात, म्हणजे आपल्याकडच्या लार्जपेक्षा थोडे जास्तच. उन्हात आणि मिठात घालवलेल्या चार तासांनंतर ते लवकर चढतात. अर्धा घोट घेऊन बाकी ठेवून द्या, कुणाला वाईट वाटत नाही. 'पोकीतो' म्हटलं की थोडंसंच ओततात. सोबत सांगलीच्या भडंगाचं पाकीट असेल तर पोटाला आधार होतो आणि शेजारचे परदेशी पाहुणेही मागून खातात. शेवटी कॉफीच्या किंवा बदामाच्या चवीचं गोड काहीतरी देतात, ते टकीलाचं लिकर. सगळ्यात जास्त आग्रह त्याच्याच खरेदीचा होतो.

बाटली घ्यायचीच असेल तर भारतात माणशी दोन लिटर दारू करमुक्त आणता येते. ७० टक्क्यांपेक्षा जास्त अल्कोहोल असलेली बाटली विमानात चालत नाही. येताना अमेरिकेत विमान बदलणार असाल तर बाटली चेक-इन बॅगेतच टाका, हातातल्या बॅगेतून ती काढून घेतली जाईल. जीन्सच्या पायात गुंडाळून बॅगेच्या मधोमध ठेवा.

परतीला घड्याळ बघा. कोझुमेल वर्षभर एकाच वेळेवर चालतं, उन्हाळ्यात तास पुढे-मागे होत नाही, आणि जहाजाचं घड्याळ त्याहून वेगळं असू शकतं. फोन आपोआप बेटाची वेळ धरतो. सकाळी उतरताना जहाजाची वेळ मनगटी घड्याळात लावून घ्या आणि सहल संपण्याची वेळ जहाज सुटण्याच्या किमान दोन तास आधीची निवडा.