रात्रभर कूस बदलत असाल तर अंथरुणातला वेळ कमी करा: झोप परत आणायची सहा आठवड्यांची पद्धत

झोप लागत नाही म्हणून माणूस लवकर आडवा होतो. साडेनऊला दिवे बंद, आणि मग साडेबारापर्यंत पंख्याची घरघर ऐकत कूस बदलणं. रविवारी भरपाई म्हणून नऊपर्यंत पडून राहायचं, दुपारी जेवून पुन्हा तासभर. हे सगळं अगदी साहजिक आहे, पण जुनाट निद्रानाश बऱ्याचदा याच साहजिक उपायांवर पोसला जातो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आर्थर स्पीलमन यांनी १९८७ साली नेमका उलटा उपचार मांडला. जेवढी झोप खरोखर लागते, तेवढाच वेळ अंथरुणात घालवायचा आणि झोप घट्ट झाली की तो थोडा थोडा वाढवायचा.

ही पद्धत जुनी असली तरी तिची सर्वांत मोठी परीक्षा अलीकडची आहे. इंग्लंडमधल्या साध्या दवाखान्यांत ६४२ रुग्णांवर झालेला प्रयोग २०२३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. तिथल्या परिचारिकांनी चार छोट्या बैठकांत ही पद्धत शिकवली. सहा महिन्यांनी पाहिलं, तर फक्त झोपेच्या चांगल्या सवयींची पुस्तिका मिळालेल्यांपेक्षा या लोकांचा निद्रानाश स्पष्टपणे कमी होता. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने तर २०१६ पासूनच सांगून ठेवलंय की जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार गोळी नव्हे, तर सवयी आणि विचार बदलणारा उपचार. ही पद्धत त्याचाच एक भाग. आपल्याकडे मात्र अजून जायफळाचं दूध आणि तळपायाला काशाची वाटी, किंवा थेट गोळी. दूध प्या, वाटीही फिरवा, छान वाटतं. पण त्याने झोपेची बिघडलेली वेळ सुधारत नाही.

आधी ठरवा: तुम्हाला निद्रानाश आहे की झोपेला वेळच नाही?

मुंबईत हा प्रश्न सोडून पुढे जाताच येत नाही. विरारहून किंवा बदलापूरहून रोज ये-जा करणाऱ्या माणसाला रात्री पाचच तास मिळत असतील, आणि ते पाचही तास तो गाढ झोपत असेल, तर त्याला निद्रानाश नाही. त्याला झोप कमी पडते आहे. त्याने ही पद्धत करू नये, तिने त्याचं नुकसानच होईल.

निद्रानाशात वेळ असतो, अंथरूण असतं, अंगात थकवाही असतो, पण डोळा लागत नाही. किंवा लागतो आणि अडीचला टक्क उघडतो. आठवड्यातून किमान तीन रात्री, तीन महिने हे चाललं असेल आणि दिवसा त्याचा त्रास होत असेल, तर तो जुनाट निद्रानाश.

काहींनी हा प्रयोग घरच्या घरी करू नये. बायपोलर आजार, फिट येणं, झोपेत चालणं, गरोदरपण, किंवा घोरता घोरता श्वास अडकून दचकून जाग येणं, यातलं काहीही असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. बस, टॅक्सी, रिक्षा, क्रेन चालवणाऱ्यांनीही. पहिले दोन आठवडे दिवसा पेंग येते, आणि ती स्टिअरिंगवर येणं परवडणारं नाही.

पहिला आठवडा: फक्त नोंद

काही बदलू नका. उशाशी वही ठेवा आणि रोज सकाळी उठल्यावर सहा गोष्टी लिहा: अंथरुणात कधी गेलो, झोपायचा प्रयत्न कधी सुरू केला, अंदाजे किती मिनिटांनी झोप लागली, मध्ये एकूण किती वेळ जागे होतो, शेवटची जाग कधी आली, अंथरूण कधी सोडलं. दिवसातली डुलकीही लिहा, लोकलमधली धरून.

सगळं अंदाजाने. रात्री घड्याळ बघायचं नाही. मोबाइल पालथा आणि हाताच्या अंतरावर नसलेला. दोन वाजले की 'आता साडेतीनच तास उरले' हा हिशेब सुरू होतो, आणि त्या हिशेबानेच उरलीसुरली झोप उडते. मनगटावरच्या स्मार्ट घड्याळाचा आकडाही इथे नको. शांत पडून जागं राहिलेल्या वेळेला ते पुष्कळदा झोप समजतं.

झोपेची खिडकी काढणं

सात दिवसांची सरासरी काढा. समजा, डोंबिवलीहून सीएसएमटीला नोकरीला जाणाऱ्या एका बाईंची वही अशी आहे: रात्री १० ला आडव्या, पहाटे ५.३० ला उठतात, म्हणजे अंथरुणात साडेसात तास. प्रत्यक्ष झोप सरासरी सव्वापाच तास. सव्वापाचला साडेसातने भागून शंभरने गुणलं की ७० टक्के. अंथरुणातला तीस टक्के वेळ जागेपणी चाललाय. झोपेचा वाटा ८५ टक्क्यांच्या वर असेल तर चांगलं मानतात.

आता खिडकी, म्हणजे अंथरुणात घालवायचा ठरलेला वेळ. सरासरी झोप सव्वापाच तास, ती जरा वर नेऊन साडेपाच तास. कुणाचीही खिडकी पाच तासांच्या खाली न्यायची नाही, वहीत झोप चार तास दिसली तरी.

खिडकीची उठायची बाजू आधी ठोकायची. ती घरच ठरवून देतं: पाणी पावणेसहाला येतं, सातच्या सुमाराची लोकल गाठायची आहे, म्हणजे ५.३०. मग तिथून साडेपाच तास मागे मोजा, रात्रीचे १२. बारापर्यंत या बाईंनी अंथरुणाला पाठ टेकायची नाही आणि साडेपाचला उठायचंच. रविवारीही, पाहुणे असले तरी, आदल्या रात्री तीनच तास झोप झाली असली तरी. सगळ्या पद्धतीत सर्वांत जास्त मोडला जाणारा नियम हाच, आणि सर्वांत जास्त काम करणाराही हाच.

यामागचं कारण साधं आहे. जागेपणी मेंदूत अॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि त्याने झोपेचा दाब वाढतो. रविवारी नऊला उठलात तर रात्री दहाला तो दाब पुरेसा झालेलाच नसतो. सोमवारच्या आदल्या रात्री झोप न लागण्याचं खापर आपण ऑफिसवर फोडतो, त्यातलं बरंचसं रविवारच्या सकाळचं असतं.

बारा वाजेपर्यंत जागायचं कसं

जेवणानंतर सोफ्यावर टीव्हीसमोर पाय पसरले की साडेदहाला मान पडते. ती पंधरा मिनिटांची डुलकी रात्रीची झोप खाते. म्हणून रात्री टेकायचं तर पाठ सरळ राहील अशा खुर्चीवर. हातांना काम ठेवा: उद्याची मेथी निवडा, लसूण सोला, कपड्यांच्या घड्या घाला. दहानंतर जिना उतरून सोसायटीत एक फेरी मारली तरी चालते.

डोक्यात उद्याची कामं फिरत असतील तर पाच मिनिटं घेऊन ती कागदावर उतरवा. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात ५७ तरुणांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, पुढच्या दिवसांची कामं लिहिणाऱ्यांना झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा साधारण नऊ मिनिटं लवकर झोप लागली. यादी जितकी नेमकी, तितका फायदा जास्त. 'बँक' असं नाही, तर 'बँकेत आईचा हयातीचा दाखला द्यायचा, सोबत आधारची झेरॉक्स' असं लिहा.

वेळ झाली तरी पेंग नसेल तर आडवं होऊ नका. थकवा वेगळा आणि पेंग वेगळी. अंग मोडून आलंय, पाय दुखतायत, हा थकवा. पापण्या जड होतात, वाचलेली ओळ पुन्हा वाचावी लागते, ती पेंग. आडवं व्हायचं ते पेंग आल्यावर.

झोप लागली नाही तर

हा भाग अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बुटझिन यांनी १९७२ मध्ये मांडला. साधारण पंधरा-वीस मिनिटं झाली आणि चिडचिड सुरू झाली असं वाटलं की अंथरुणातून उठा. घड्याळ न बघता, अंदाजाने. दुसऱ्या जागी बसा, मंद दिव्यात काहीतरी निवांत करा, पेंग आली की परत या. पुन्हा तेच झालं तर पुन्हा उठा. पहिल्या रात्रींत चार-पाच वेळाही उठावं लागतं. अंथरूण म्हणजे तळमळ, अशी मेंदूने बांधलेली गाठ सोडवायला हाच मार्ग आहे. झोप आणि शरीरसंबंध, एवढंच अंथरुणात. जेवण, फोन, काळजी, ऑफिसचे मेल, सगळं बाहेर.

आता वन आरकेत 'दुसरी जागा' कुठून आणायची? पूर्वी चाळीत सकाळी उठल्या उठल्या वळकटी बांधून कोपऱ्यात उभी करायचे. जागा नव्हती म्हणून, पण बुटझिन यांचा नियम तिथे आपोआप पाळला जात होता: गादी पसरली की फक्त झोप. तेच आजही करता येतं. गादी गुंडाळण्यासारखी असेल तर गुंडाळा. हॉलमधला दिवाणच पलंग असेल तर दिवसा त्यावर एक चादर, रात्री झोपण्यासाठी दुसरी, आणि दिवसा बसायचं ते दुसऱ्या टोकाला, पाय खाली सोडून. रात्री उठून बसायला स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ एक स्टूल किंवा गॅलरीत खुर्ची संध्याकाळीच मांडून ठेवा. जवळ जुना दिवाळी अंक ठेवा, मोबाइल नको. घरच्यांना आधीच सांगा, नाहीतर पहिल्याच रात्री सासूबाई दचकून उठतात आणि सगळं घर जागं होतं.

दिवसाचे नियम

उठल्यावर अर्ध्या तासात उजेडात या. खोलीतली ट्यूब पुरत नाही. जुलैतलं ढगाळ आभाळसुद्धा तिच्यापेक्षा कितीतरी पट प्रखर असतं. गॅलरीत चहा घ्या, किंवा फलाटावर छपराबाहेर उभे राहा.

चहा-कॉफी दुपारी दोननंतर बंद. कॅफिन अॅडेनोसिनची जागा अडवून बसतं. २०१३ च्या एका अभ्यासात झोपण्याच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफिनने तासाभराहून अधिक झोप कमी केली. तो डोस मोठा होता, एका कटिंगमध्ये तेवढं नसतं. पण ऑफिसात चारला, साडेपाचला आणि घरी आल्यावर सातला असे तीन चहा झाले की हिशेब वाढतो. झोपेसाठी घेतलेल्या पेगचंही तसंच. त्याने डोळा लवकर लागतो आणि उत्तररात्री उघडतो.

आणि लोकल. संध्याकाळी खिडकी मिळाली की घाटकोपरच्या आधीच मान कलते. हे सहा आठवडे खिडकी दुसऱ्याला द्या. डब्यातल्या भजनी मंडळात बसा, ओळखीच्यांशी गप्पा मारा, लेडीज डब्यात भाजी निवडा, डोंबिवलीपर्यंत जागे राहा. उभे राहिलात तर आत राहा. या दिवसांत दारात अजिबात नको.

दर आठवड्याला हिशेब

दर सात दिवसांनी टक्केवारी काढा. ८५ किंवा जास्त आली तर झोपायची वेळ १५ मिनिटं अलीकडे आणा. ८० ते ८५ मध्ये असेल तर तशीच ठेवा. ८० च्या खाली गेली तर १५ मिनिटं कापा, पण पाच तासांच्या आत नाही. उठायची वेळ हलत नाही.

डोंबिवलीच्या बाईंचं उदाहरण पुढे नेऊ. खिडकी सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात साडेपाच तासांत ४ तास ५५ मिनिटं झोप, ८९ टक्के. झोपायची वेळ पावणेबारा. दुसऱ्या आठवड्यात पावणेसहा तासांत ५ तास १० मिनिटं, ९० टक्के. वेळ साडेअकरा. तिसऱ्या आठवड्यात घरात लग्न, खिडकी सहा तास, झोप पुन्हा ४ तास ५५ मिनिटं, ८२ टक्के. वेळ साडेअकराच. असा आठवडा येतोच, त्यात पद्धत फसली असं काही नसतं. दिवसा ताजंतवानं वाटायला लागलं आणि टक्केवारीही टिकली की खिडकी पुढे वाढवायचं थांबा. प्रत्येकाला आठ तास लागतातच असं नाही.

कुठे गाडी घसरते

बरेच लोक सुरुवातीच्या काही रात्रींतच सोडतात. तोवर दाब साठत असतो, फायदा दिसत नसतो, आणि दिवसा डोकं जड असतं. हे होणार हे धरूनच सुरुवात करा: परीक्षा, गणपती, मुलीचं लग्न, असा महिना टाळा.

दुसरी चूक म्हणजे 'झोप नाही तर नाही, निदान पडून आराम तरी' हा विचार. तो आराम रात्रीच्या हिशेबात जागेपणा म्हणूनच मोजला जातो. तिसरी, फक्त सोयीचे नियम पाळायचे: चहा सोडला, पडदे लावले, पण रविवारी नऊ. २०२१ मध्ये अमेरिकी निद्रावैद्यक अकादमीने सांगितलंय की झोपेच्या चांगल्या सवयी हा एकटा उपचार म्हणून देऊ नये. त्या जोडीला ठीक.

झोपेची गोळी चालू असेल तर ती मनाने बंद करू नका. एकदम थांबवली तर निद्रानाश पुन्हा जोराने उसळू शकतो, काही गोळ्यांच्या बाबतीत फिटही येऊ शकते. डॉक्टरांना वही दाखवा आणि मात्रा हळूहळू कमी करायचं वेळापत्रक त्यांच्याकडूनच घ्या.

पहाटे तीन-चारला जाग येते, सकाळ सर्वांत वाईट जाते, कशात मन लागत नाही, असं दोन आठवडे चाललं असेल तर नैराश्याची तपासणी करून घ्या. केईएम, सायन, नायर या पालिकेच्या रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. जगणं नको असे विचार येत असतील तर सहा आठवडे थांबू नका. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रीही उचलतात, मराठीतही बोलता येतं. तपासणीला जाताना झोपेची वही सोबत न्या. सात दिवसांच्या नोंदी समोर असल्या की 'डॉक्टर, झोपच येत नाही' यापुढचं बोलणं लगेच सुरू होतं.