परसातल्या कोंबड्यांसाठी पैदाशीचा नर: निवडायचा कसा आणि बदलायचा कसा

आधी एक गोष्ट क्लिअर करतो, नुसती खायला अंडी हवी असतील तर नराची गरजच नाही, कोंबडी नराशिवाय पण तेवढीच अंडी देते. नर लागतो तो पिल्लं काढायला. आणि पिल्लं काढायची असतील तर नराच्या बाबतीत निष्काळजीपणा चालत नाही, कारण दहा पिल्लांत दहाच्या दहा त्याचं रक्त असतं.

आठ ते दहा गावठी कोंबड्यांना एक नर बास. "सेफ्टीसाठी दोन ठेवा" असं सांगणारे खूप भेटतात, ऐकू नका. एवढ्या कमी कोंबड्यांत दोन नर म्हणजे दिवसभर मारामारी, एक कोंबडीवर चढला की दुसरा त्याला खाली पाडतो, आणि शेवटी वांझ अंडीच जास्त निघतात.

निवड करताना लोक वजन बघतात. चूक आहे. साडेतीन-चार किलोचा गिरिराज किंवा वनराज नर दीड किलोच्या गावठी कोंबडीवर चढला तर तिच्या पाठीची पिसं जातात, कातडी फाटते. शिवाय या सुधारित जाती क्रॉसच्या, त्यांचं रक्त घुसलं की पुढच्या पिढीतल्या तलंगा (तरुण कोंबड्या) खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसायचं कमी करतात, मग उबवणीचं मशीन घ्या. गावठीला गावठीच नर ठेवा, दहा-बारा महिन्यांचा. तुरा लालभडक, डोळे स्वच्छ, पायाची बोटं सरळ. हातात घेऊन छातीचं हाड चाचपा, ते वाकडं नको आणि सुरीसारखं वर आलेलं पण नको. मग मूठभर ज्वारी टाका आणि गप बघत बसा. चांगला नर दाणा चोचीत उचलतो, परत खाली टाकतो, कुकुक करून कोंबड्यांना बोलावतो आणि त्या खात असताना मान वर करून आभाळाकडे घारीवर लक्ष ठेवतो. स्वतःच हावऱ्यासारखा खाणारा घेऊ नका. माणसांच्या अंगावर येणारा तर अजिबात नको, लहान पोरांच्या डोळ्यापर्यंत त्याची उडी जाते आणि तो स्वभाव पिल्लांत पण उतरतो.

घरच्याच पिल्लांतला नर ठेवू नका. चार गावं सोडून कुणाकडे तरी अदलाबदल करा.

आता खरी अवघड गोष्ट, नर बदलणं. मला सगळ्यात जास्त त्रास इथेच झालाय म्हणून नीट सांगतो. नवा नर आणला की लोक त्याच संध्याकाळी खुराड्यात सोडतात. बाजारातनं आणलेला नर वरून ठणठणीत दिसतो आणि आठवड्यात मानमोडी (राणीखेत रोग) पसरून अख्खं खुराडं रिकामं होतं. 21 दिवस लांब, वेगळ्या जागी, वेगळ्या भांड्यात ठेवायचाच. आधी आपल्या कोंबड्यांना दाणापाणी, मग त्याला, उलटं नाही. पंखाखाली उवा-गोचीड बघा, जंताचं औषध द्या, लसीचं गुरांच्या डॉक्टरला विचारून घ्या.

आणि ज्या दिवशी नवा आणला त्याच दिवशी जुना नर कोंबड्यांतून काढा. याचं कारण असं की कोंबडीच्या पोटात नराचं बीज दोन आठवडे, कधी तीन आठवडे पण जिवंत राहतं, त्यामुळे जुना गेला तरी अंडी त्याचीच फळतात. नवा बंद आहे तोवर हे तीन आठवडे आपोआप निघून जातात. या काळातली अंडी खायला घ्या, रवणाला (उबवायला) अजिबात ठेवू नका. नाहीतर नव्या नराची म्हणून जी पिल्लं वाढवाल ती निघतील जुन्याचीच.

21 दिवस झाले की पुढचे चार-पाच दिवस नव्या नराचं डालगं (कोंबडी झाकायची टोपली) कोंबड्यांच्या नजरेसमोर ठेवा. मग अंधार पडल्यावर हळूच नेऊन खुराड्यातल्या दांडीवर बसवा. सकाळी दाणे तीन-चार ठिकाणी टाका, म्हातारी कोंबडी दोन टोचा मारेल, मारू दे, रक्त येत नाही तोवर मध्ये पडू नका. पहिले दोन दिवस बाहेर सोडू नका म्हणजे त्याला मुक्काम कळतो.

आठ-दहा दिवसांनी अंडी जमवायला घ्या, पेन्सिलने तारीख टाका, आठवड्यापेक्षा जुनं अंडं बसवू नका. बसवल्यावर सातव्या रात्री अंधारात मोबाईलच्या टॉर्चवर धरा. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर फळलंय, नितळ दिसलं तर काढून टाका. निम्म्याच्या वर नितळ निघाली तर नरात दोष धरा, फक्त भर उन्हाळ्यात तेवढ्यावरून त्याला काढू नका, उष्णतेने चांगल्या नराचं पण बीज कमकुवत होतं, पाऊस लागल्यावर परत तपासा.

बाकी देखभाल सोपी आहे, पायामागचा काटा लांब झाला की टोक कानशीने घासा. त्याच्या पोरी अंड्यावर यायच्या आत नर बदला, त्या बापाखाली गेल्या की पिल्लं मरतुकडी, अंड्यांतून पिल्लं निघत नाहीत.