ड्राफ्टमध्ये वरच्या क्रमांकावर निवडलेल्या तरुण हॉकीपटूला एनएचएलमध्ये कसे घडवावे

एनएचएल या उत्तर अमेरिकेतील सर्वोच्च आइस हॉकी लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे तरुण खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पहिल्या पाच-दहा क्रमांकांत निवडला जाणारा खेळाडू साधारणपणे अठरा वर्षांचा असतो आणि त्याला निवडणारा संघ बहुधा आदल्या हंगामात तळाशी राहिलेला असतो. म्हणजे ज्या मुलाला सर्वांत जास्त सवड हवी, तो नेमका सर्वांत उतावळ्या संघाच्या हाती पडतो. खेळाडू घडवण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे, त्याने म्हणूनच ड्राफ्टचा क्रमांक बाजूला ठेवावा आणि दरवर्षी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: येत्या हंगामात पक (खेळातली रबरी चकती) या मुलाच्या स्टिकवर सर्वांत जास्त वेळ कुठे राहील आणि तिथे त्याच्या चुका कोण दुरुस्त करील?

पहिला निर्णय अर्थातच जागेचा. कॅनडाच्या ओएचएल, डब्ल्यूएचएल आणि क्यूएमजेएचएल या तीन प्रमुख ज्युनियर लीगमधून निवडलेला खेळाडू, एनएचएलशी प्रदीर्घ काळ चालत आलेल्या करारामुळे, वीस वर्षांचा होईपर्यंत एकतर एनएचएलमध्ये खेळतो किंवा ज्युनियरला परततो. एनएचएलच्या लगेच खालची, मधली पायरी असलेली एएचएल लीग त्याला सहसा मिळत नाही. या अटी प्रत्येक नव्या करारात बदलू शकतात, त्यामुळे त्या वर्षीचा नियम आधी तपासून घ्यावा. युरोपातून थेट निवडलेल्यांना ही आडकाठी नसते. डेट्रॉइटने २०१९ मध्ये सहाव्या क्रमांकावर निवडलेल्या मोरित्झ सायडरला पहिल्या वर्षी एएचएलमध्ये ग्रँड रॅपिड्सकडून आणि दुसऱ्या वर्षी स्वीडनमध्ये रोग्लेकडून खेळू दिले, त्यानंतरच संघात घेतले. पदार्पणाच्या त्याच हंगामात त्याने सर्वोत्तम नवोदिताचा कॉल्डर करंडक मिळवला. कॉलेजचा मार्गही मोलाचा आहे, कारण तिथे सामने मुख्यतः शुक्रवार-शनिवारी होतात आणि उरलेले दिवस सराव व व्यायामासाठी मोकळे राहतात. २०१७ मध्ये चौथ्या क्रमांकावर निवडलेला केल मकार मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात दोन हंगाम खेळून आला आणि त्याने २०२० मध्ये कॉल्डर, तर २०२२ मध्ये नॉरिस (सर्वोत्तम बचावपटू) व कॉन स्मिथ (प्लेऑफमधील सर्वोत्तम खेळाडू) हे दोन्ही करंडक मिळवले. २०२५-२६ पासून ज्युनियर लीगमध्ये खेळलेल्यांनाही कॉलेज हॉकी खुले झाले असल्यामुळे, ज्युनियर अपुरे आणि एनएचएल अवघड अशा कात्रीत सापडलेल्या खेळाडूसाठी आता एक खरा पर्याय उपलब्ध आहे.

यानंतर येतो तो नऊ सामन्यांचा काळ, आणि सर्वाधिक चुका इथेच होतात. एन्ट्री-लेव्हल करार, म्हणजे खेळाडूचा एनएचएलमधला पहिला करार, या वयात तीन वर्षांचा असतो. अठरा किंवा एकोणीस वर्षांचा खेळाडू हंगामात एनएचएलचे दहा सामने खेळला नाही तर ते वर्ष न मोजता तो करार एक वर्ष पुढे सरकतो, म्हणून संघ नवव्या सामन्यानंतर थांबून निर्णय घेतात. या नऊ सामन्यांत गोल मोजू नयेत. पॉवर प्लेवर, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना, सहज मिळालेले दोन गोल फार काही सांगत नाहीत. खरी परीक्षा बोर्डजवळ, म्हणजे मैदानाच्या कडेच्या भिंतीजवळ, होते. समजा, खेळाडू विंगर (कडेने खेळणारा आक्रमक) आहे. आपल्याच क्षेत्रातून बचावपटूने बोर्डच्या कडेने जोरात फिरवलेला पक त्याच्याकडे येत आहे आणि प्रतिस्पर्धी बचावपटू त्याच्यावर चालून येत आहे. पक पोहोचण्यापूर्वी त्याने खांद्यावरून मागे पाहिले का? शरीर मध्ये घालून जागा धरली का? पहिल्या स्पर्शात सेंटरला (मधल्या आक्रमकाला) पास दिला, की नुसता बोर्डवरच्या काचेवर आपटून पक बाहेर घालवला? असा प्रत्येक प्रसंग व्हिडिओतून वेगळा काढावा, नऊही सामन्यांतील तुकडे क्रमाने लावावेत आणि ते खेळाडूबरोबर बसून पाहावेत. चौथ्या-पाचव्या सामन्यापासून तो मागे पाहू लागला असेल, तर पास चुकत असले तरी त्याला ठेवण्यास हरकत नाही. उलट नवव्या सामन्यातही तो पकपासून सुटका करून घेत असेल तर परत पाठवावे, कारण घाईने पक सोडण्याची सवय एकदा अंगवळणी पडली की ज्या कौशल्यासाठी त्याला निवडले तेच झाकले जाते.

नऊ सामने उलटून गेले म्हणून हा मार्ग बंद होत नाही. २०१४ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर निवडलेल्या लिऑन ड्रायझाइटलला एडमंटनने ३७ सामने खेळवले. त्यांत त्याचे फक्त २ गोल आणि (गोल व गोलसाहाय्य मिळून) ९ गुण झाले. करारातील एक वर्ष खर्ची पडले होते, तरीही त्याला ज्युनियरला पाठवण्यात आले. तिथे केलोनाकडून खेळताना तो ज्युनियर लीगच्या अजिंक्यपदाच्या मेमोरियल कप स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि २०१९-२० मध्ये ११० गुणांसह त्याने एनएचएलच्या सर्वांत मौल्यवान खेळाडूचा हार्ट करंडक पटकावला. गेलेल्या वर्षाचा हिशेब मनातून काढून टाकण्याचे धैर्य व्यवस्थापनाने दाखवलेच पाहिजे.

संघात ठेवायचे ठरले तर त्याला काम द्यावे. चौथ्या फळीत (आक्रमकांच्या सर्वांत कमी खेळणाऱ्या त्रिकुटात) सात-आठ मिनिटे खेळवून बाकी वेळ बाकावर बसवण्यासारखे नुकसान दुसरे नाही. जोडीदार कोण, यावरही बरेच अवलंबून असते. २०२२ मध्ये मॉन्ट्रियलने पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या युराय स्लाफकोव्स्कीचे दुखापतीने अर्धवट राहिलेल्या पहिल्या हंगामात ३९ सामन्यांत १० गुण झाले होते. दुसऱ्या हंगामात निक सुझुकी आणि कोल कॉफिल्ड यांच्या फळीत स्थिरावल्यावर तो ८२ सामन्यांत २० गोल आणि ५० गुणांपर्यंत गेला. एक चूक झाली की लगेच फळी बदलणाऱ्या प्रशिक्षकाशी याबाबत हंगामापूर्वीच स्पष्ट बोलून घ्यावे. प्रशिक्षकच वारंवार बदलत राहिले तर काय होते, याचे दुःखद उदाहरण म्हणजे २०१२ चा पहिल्या क्रमांकाचा नेल याकुपोव्ह: पहिल्या हंगामात ४८ सामन्यांत १७ गोल करणारा हा खेळाडू २०१७-१८ नंतर एनएचएलमध्ये दिसला नाही. दोष केवळ प्रशिक्षकांच्या बदलांचा होता असे मी म्हणणार नाही, परंतु दरवेळी नव्या माणसाच्या नव्या अपेक्षा समजून घेण्यात तरुण खेळाडूची उमेदीची वर्षे जातात.

शरीराच्या बाबतीत घाई नको. एका उन्हाळ्यात भराभर वजन वाढवले की स्केटिंगमधील चपळाई कमी होण्याचा धोका असतो, त्यामुळे पाय आणि कमरेची ताकद आधी, वजन नंतर, हा क्रम ठेवावा. बचावपटूंना विंगरपेक्षा जास्त वर्षे द्यावीत आणि गोलरक्षकांना त्याहूनही जास्त.

घराकडेही लक्ष हवे. अठराव्या वर्षी हाती मोठी रक्कम आणि रिकामी सदनिका देऊन मुलाला परक्या शहरात एकटे सोडू नये. पिट्सबर्गमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेला सिडनी क्रॉस्बी सुरुवातीची अनेक वर्षे संघाचे दिग्गज खेळाडू व मालक मारिओ लेम्यू यांच्या कुटुंबात राहिला. प्रत्येक संघाकडे लेम्यू नसतात, पण मुलेबाळे असलेला, वेळेवर जेवणारा आणि झोपणारा एखादा ज्येष्ठ खेळाडू बहुतेक संघांत सापडतो आणि त्याला विचारले तर तो सहसा नाही म्हणत नाही.

करार संपण्याच्या वर्षी पुढची बोलणी सुरू करताना पहिल्या हंगामातील ते व्हिडिओचे तुकडे आणि ताज्या महिन्याचे तुकडे शेजारी ठेवून पाहावेत, आणि खेळाडूला विकून टाकण्याचा विचार कोणी मांडलाच तर तो ही तुलना पाहिल्यानंतरच चर्चेला घ्यावा.