निसान ३७०झेडचे एअर फिल्टर निवडण्यापूर्वीची तयारी

निसान ३७०झेडसाठी नवा एअर फिल्टर घ्यायचे ठरले की आधी हे पक्के लक्षात घ्यावे, की या गाडीला एक नव्हे, दोन फिल्टर लागतात. तिच्या ३.७ लिटरच्या व्ही-६ इंजिनात हवा दोन स्वतंत्र वाटांनी येते. बॉनेटखाली पुढच्या बाजूला डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे दोन डबे असतात; प्रत्येक डब्यात स्वतःचा फिल्टर, त्याच्यामागे हवा मोजणारा स्वतःचा सेन्सर आणि पुढे स्वतःची थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप. म्हणून भाव विचारताना तो एका नगाचा की जोडीचा हे आधी स्पष्ट करून घ्यावे, आणि दोन्ही नग एकाच कंपनीचे, एकाच प्रकारचे असावेत व एकाच दिवशी बसावेत असे पाहावे. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला तुंबलेला फिल्टर ठेवला तर दोन्ही वाटांचा अडथळा वेगळा होतो आणि चांगल्या इंजिनाला विनाकारण विषम श्वास घ्यावा लागतो.

भारतात ही गाडी काही वर्षे अधिकृतपणे विकली गेली. आता ती नवी मिळत नाही, त्यामुळे आज ती घेणाऱ्याच्या आधी कोणीतरी तिच्यावर हौस भागवलेली असण्याची शक्यता बरीच असते. खरेदीपूर्वी बॉनेट उघडून मूळचे दोन्ही डबे, त्यांची झाकणे, क्लिपा आणि पुढून हवा आणणारे प्लॅस्टिकचे मार्ग जागेवर आहेत ना हे तपासावे, आणि आधीच्या मालकाने इसीयूचे, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचे, ट्यूनिंग करून घेतले होते का हेही विचारावे. डबा बदललेला असेल तर मूळ मापाचा फिल्टर उपयोगी पडणार नाही. पार्ट नंबर चॅसिस नंबरावरून जुळवून घ्यावा. हेच इंजिन इन्फिनिटी जी३७ मध्येही आहे, पण इंजिन एक म्हणून डबाही तोच असेल असे गृहीत धरू नये. जुना फिल्टर बाहेर काढून त्याची लांबी, रुंदी, उंची आणि कडेच्या रबराची जाडी मोजून ठेवणे हाच भरवशाचा मार्ग.

यानंतर गाडी कशी वापरली जाते याचा विचार स्वतःशी प्रामाणिकपणे करावा, कारण निवड त्यावरच ठरते. हे इंजिन मिनिटाला ७,५०० फेऱ्यांपर्यंत जाते आणि चार-स्ट्रोक असल्याने दोन फेऱ्यांत एकदा आपल्या आकारमानाएवढी हवा घेते. म्हणजे अगदी टोकाला मिनिटाला सुमारे १३,९०० लिटर, प्रत्येक फिल्टरच्या वाट्याला जवळपास सात घनमीटर. अडथळा कमी असलेल्या फिल्टरचा जो काही फायदा आहे तो या टोकाजवळच मिळतो. शहरातल्या रहदारीत इंजिन याच्या लहानशा भागावर चालते, आणि तिथे फिल्टर बदलून पेट्रोल वाचेल ही अपेक्षा सोडून द्यावी. अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये केलेल्या अभ्यासात, आधुनिक इंजेक्शन-पद्धतीच्या पेट्रोल गाड्यांत तुंबलेल्या फिल्टरमुळे इंधनाच्या खपात लक्षणीय फरक पडत नाही, मात्र जोरात वेग घेण्याची क्षमता घटते, असे दिसून आले.

आता फिल्टर कशाचा घ्यावा हा मुख्य प्रश्न. कागदी, तेल लावलेल्या सुती जाळीचा आणि कोरड्या कृत्रिम धाग्याचा असे तीन प्रकार बाजारात मिळतात. त्यांची तुलना करताना आयएसओ ५०११ या चाचणीचे आकडे कंपनीने दिले आहेत का ते शोधावे, आणि दिले असतील तर तिन्ही आकडे पाहावेत: किती टक्के धूळ अडते, हवेला किती अडथळा होतो आणि तुंबण्याआधी किती ग्रॅम धूळ साठते. जाहिरातीत बहुधा मधलाच आकडा झळकतो. पहिला आकडा मात्र नीट वाचायला हवा, कारण ९९.५ टक्के आणि ९७ टक्के हे ऐकायला शेजारी वाटले तरी पहिल्यातून अर्धा टक्का धूळ आत जाते आणि दुसऱ्यातून तीन टक्के, म्हणजे सहापट. रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात; मोह्सच्या मापात त्यांची कठीणता ७ असते आणि सिलिंडरच्या भिंती व पिस्टनच्या रिंगा घासून काढायला तेवढी पुरते. पुण्याच्या आसपास बांधकामे चालू असलेल्या रस्त्यांवरून, किंवा आखातात वाळवंटी वाऱ्यात ही गाडी रोज चालवणाऱ्याने माझ्या मते चांगला कागदी फिल्टरच घ्यावा. त्यावर हलका थर बसल्यावर तो अधिकच बारीक धूळ अडवतो, म्हणून वरून मळका दिसला की लगेच फेकण्याची घाई नको, आणि हवेच्या दाबाने फुंकून कागद फाडण्याची तर मुळीच नको.

तेलाच्या सुती फिल्टरचे आकर्षण समजण्यासारखे आहे, कारण तो धुऊन पुन्हा वापरता येतो आणि हवेला मोकळी वाट देतो. पण तो घ्यायचा तर धुण्याचे द्रावण, त्याचेच तेल आणि पूर्ण वाळेपर्यंत थांबण्याची तयारी हे सगळे सोबत घ्यावे लागते. कोकणातल्या पावसाळ्यात तो घरात वाळायला किती वेळ घेईल याचा अंदाज ज्याचा त्याने करावा. तेल प्रमाणाबाहेर लावले तर ते हवेबरोबर पुढे जाऊन सेन्सरच्या तापलेल्या नाजूक भागावर बसते आणि मोजमाप चुकू लागते. या गाडीत असे सेन्सर दोन आहेत. धुऊन वापरण्याची हौस असेल तर कोरड्या धाग्याचा फिल्टर अधिक निर्धोक.

डबा काढून उघडे शंकूच्या आकाराचे फिल्टर लावण्याचा मोह वेगळाच असतो, कारण त्यांचा आवाज खरोखर छान येतो. परंतु बॉनेटखालची गरम हवा विरळ असते. आत येणारी हवा दहा अंशांनी अधिक तापली तर तिची घनता तीन टक्क्यांच्या आसपास घटते, आणि फिल्टरने मिळवलेले तिथेच जाऊ शकते. लांब नळ्यांच्या संचात फिल्टर बंपरच्या मागे खाली जातात. तिथे थंड हवा मिळते हे खरे, पण मुंबईत जुलैमध्ये रस्त्यावर साचलेले पाणीही तिथेच मिळते, आणि इंजिनात पाणी शिरले तर कनेक्टिंग रॉड वाकेपर्यंत मजल जाते. शिवाय सेन्सरभोवतीच्या नळीचा व्यास बदलला की इसीयूचे ट्यूनिंग नव्याने करावे लागते, हा खर्च आधीच हिशेबात धरावा.

माल हातात आल्यावर खोका उघडून दोन्ही नग उजेडासमोर धरावेत. घड्या समान अंतरावर असाव्यात, कुठे छिद्र किंवा सुटलेला डिंक नसावा, कडेचे रबर मऊ, सलग आणि जोडाशी न उचकटलेले असावे. ही तपासणी मी सर्वांत महत्त्वाची मानतो, आणि त्याला कारण आहे. सेन्सरच्या पुढची, इंजिनाकडची नळी सैल राहिली तर न मोजलेली हवा आत जाते, हवा-पेट्रोलचे मिश्रण पातळ होते आणि पी०१७१ किंवा पी०१७४ असा बिघाडाचा कोड येऊन डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा लागतो. फिल्टरच्या कडेला फट राहिली तर मात्र धूळभरली हवा सेन्सरमधून रीतसर मोजली जाऊन आत जाते, त्यामुळे कोणताच दिवा लागत नाही आणि इंजिन निमूटपणे झिजत राहते.

बसवण्याच्या दिवशी इंजिन थंड असावे. दहाचा सॉकेट, होज क्लॅम्पसाठी स्क्रूड्रायव्हर, धागे न सुटणारे कापड आणि सेन्सर साफ करायचाच असेल तर त्यासाठीच बनवलेला स्प्रे जवळ ठेवावा. कार्ब्युरेटरचा स्प्रे वापरू नये. जुना फिल्टर उचलताना त्यावरची वाळू व पाने स्वच्छ बाजूला पडू देऊ नयेत, डबा आतून पुसून घ्यावा, रबर खाचेत सगळीकडे बसल्याची बोटाने खात्री करावी, आणि मगच क्लिपा लावून सेन्सरचे प्लग जोडावेत. तारीख आणि किलोमीटर सर्व्हिस बुकात लिहून ठेवावेत. काही आठवड्यांनी दोन्ही नळ्या सोडवून फिल्टरच्या पुढची, इंजिनाकडची बाजू आतून पांढऱ्या कापडाने पुसून पाहावी. कापडावर करडी धूळ आली तर त्या बाजूचा फिल्टर पुन्हा काढून कडेचे रबर कुठे दुमडले आहे ते शोधावे.