पोक्सोच्या केसमध्ये ‘साहेब, शिक्षा कमी करा’ चालत नाही, या चुका टाळा

मी तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीचं काम करतो, म्हणजे अर्ज लिहून देणं, फुकट वकील मिळवून देणं आणि अर्धा दिवस लोकांना व्हरांड्यात बसवून समजावणं. कापूस वेचणीच्या दिवसात एक म्हातारे बाबा आले, खताच्या पिशवीत सरपंचाचं पत्र, गावच्या साठेक लोकांच्या सह्या अन् नातवाची बारावीची मार्कशीट. ‘साहेबाले हे दाखवा ना भाऊ, पोट्टं लहान आहे, दोन-तीन वर्षं देतीन.’ पोरगी सतराची, दोघं पळून सुरतला राहिले, ती गरोदर राहिली. आता गरोदर राहिली की गुन्हा पोक्सोच्या (अठराच्या आतल्या पोरांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) कलम ५ मध्ये, म्हणजे जास्त गंभीर गुन्ह्यात जातो आणि कलम ६ ची कमीत कमी शिक्षा २० वर्षं, गुन्हा शाबीत झाला तर जज साहेबांना कितीही वाईट वाटू द्या, ते १९ लिहू शकत नाहीत.

सगळ्यात मोठी चूक हीच, सगळा जोर शेवटच्या दिवशीच्या दयेवर ठेवणं. आधी बलात्काराच्या कलमात विशेष कारणं लिहून किमान शिक्षेच्या खाली जाता येत होतं, २०१३ मध्ये ती वाट बंद झाली, पण पारावरचे किस्से अजून त्याच जमान्यातले आहेत.

दुसरं, ‘हायकोर्टात होते ना कमी’. नाही होत. उत्तर प्रदेशच्या एका केसमध्ये हायकोर्टाने १० वर्षांची शिक्षा ७ केली होती, २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने परत १० केली. मग कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला मे २०२५ चा बंगालचा निकाल दाखवतो, तिथं पीडित पोरीचा आरोपीसोबतचा संसार अन् लेकरू बघून सुप्रीम कोर्टाने शिक्षाच दिली नाही. खरं आहे, पण ते राज्यघटनेचा अनुच्छेद १४२ (पूर्ण न्यायासाठी सुप्रीम कोर्टाला दिलेला खास अधिकार) वापरून, आणि तो अधिकार आपल्या जिल्ह्याच्या जजकडे काय, हायकोर्टाकडेही नाही.

मग कोर्टाच्या हातात काय? आकडा नाही, पण कलम कोणतं बसते ते आहे. आपल्या नागपूर खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये कपड्यावरून हात लावला म्हणून पोक्सोचं कलम ८ (लैंगिक हल्ल्याची शिक्षा) काढून १ वर्षावर आणलं होतं, नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने ते खोडून ३ वर्षं केली, कारण कलम ८ परत लागलं की किमान ३ आलीच. म्हणून पोरीकडच्यांनीही शिक्षेचा आकडा ऐकून घरी जाऊ नये, कलम हलकं लावलं असेल तर त्यावर अपील करता येते. नुसती शिक्षा कमी वाटते म्हणून मात्र तुम्हाला नाही, सरकारलाच अपील करता येते, तेव्हा सरकारी वकिलाच्या मागे लागा.

तारीख न बघणं ही पण चूकच. १६ ऑगस्ट २०१९ च्या आधीची घटना असेल तर कलम ६ ची किमान शिक्षा १० वर्षं, नंतरची असेल तर २०. निकालाची तारीख नाही, घटनेची. छत्तीसगडच्या मे २०१९ च्या एका घटनेत खालच्या कोर्टाने नवी शिक्षा लावली होती, ती २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टात दुरुस्त झाली, एवढी वर्षं कोणी तारीखच बघितली नाही काय राव.

मांडवली अन् घाईत लग्न लावून देणं तर करूच नका, त्याने शिक्षा कमी होत नाही हे सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्येच सांगितलं, वरून पोरगी अठराच्या आतली असली तर बालविवाहाची केस वेगळी. अन् पोरीची मर्जी होती हे अठराच्या आत चालतच नाही.

राहिलं वय. आधी शाळेचा दाखला, तो नसेल तर ग्रामपंचायतीची जन्मनोंद, ते दोन्ही नसेल तरच हाडाची तपासणी. (खाडाखोड करायला जाऊ नका, नवीन गुन्हा लागतो.) बाबांची केस तेव्हा पुराव्याच्या टप्प्यावरच होती, निकाल लागायचा होता, म्हणून मी त्यांना पोरीचा दाखला दाखवायला लावला. जन्मतारीख १ जून. मी म्हटलं, बाबा, तुमची कोणती? ‘माही बी १ जूनच, गुरुजीनं सगळ्याइची तेच लिवली.’ सह्यांचा कागद पिशवीत तसाच राहिला, आम्ही शाळेच्या जनरल रजिस्टरच्या अन् ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीच्या उताऱ्यासाठी अर्ज लिहायला बसलो. खरी तारीख कोणाच्या बाजूने निघते ते उतारा आल्यावरच कळणार होतं.