झॉर्क खेळायचंय? आधी पेन्सिल काढा

काळा पडदा, लुकलुकणारा कर्सर आणि चार ओळींचं वर्णन. चित्र एकही नाही: खेळ शब्दांत जागा सांगतो, तुम्ही इंग्रजीत आज्ञा टंकायच्या. १९८० साली इन्फोकॉम कंपनीने घरगुती संगणकांसाठी आणलेला झॉर्कचा पहिला भाग आजही तसाच खेळता येतो. फ्रॉट्झ नावाचा मोफत प्रोग्राम घ्या, त्यात खेळाची फाइल उघडा. यापलीकडे तांत्रिक काही नाही.

पहिली आज्ञा द्या ‘व्हर्बोज’. नाहीतर पाहिलेल्या जागी परत गेलात की खेळ नुसतं नाव सांगून मोकळा होतो, आणि वर्णनं वाचायची नसतील तर हा खेळ खेळायचाच कशाला? दिशांना एकेक अक्षर पुरतं. शब्दाची पहिली सहाच अक्षरं खेळ बघतो, त्यामुळे ‘एक्झामिन’ शेवटपर्यंत टंकायचीही गरज नाही.

आता नकाशा. तयार नकाशे ढिगाने मिळतात. मी त्यांच्या वाटेला जात नाही, कारण माझ्या मते निम्मा खेळ कागदावरच घडतो. प्रत्येक जागेला एक चौकोन आणि रेघेच्या दोन्ही टोकांना दिशा लिहायची. दोन्ही टोकांना का? खेळ सुरू होतो तिथे एक घर आहे; त्याच्या पश्चिमेकडून ‘नॉर्थ’ केलं की तुम्ही घराच्या उत्तरेला येता. तिथून ‘साउथ’ करून बघा: समोर फळ्या ठोकलेल्या खिडक्या! परत यायला ‘वेस्ट’ म्हणावं लागतं. तळघरात हा चावटपणा आणखी वाढतो. पेन हातात घेऊ नका, खोडावं लागणारच.

भूलभुलैयात तर सगळ्या खोल्यांचं वर्णन जवळजवळ सारखंच. तिथे जुनी युक्ती चालते: प्रत्येक खोलीत एक वेगळी वस्तू टाकायची आणि चौकोनात तिचं नाव लिहायचं. पत्रपेटीतलं पत्रक, स्वयंपाकघरातला लसूण, बाटली, काहीही चालेल. कंदील मात्र टाकून पुढे जाऊ नका. अंधारात ग्रू नावाचा राक्षस असतो, आणि तो तुम्हाला खातो. कंदिलाची बॅटरीही संपते, म्हणून उजेडात आलात की तो विझवा.

एवढं करूनही एखादी खूण गायब होईल. चूक तुमची नाही. खाली एक चोर हिंडत असतो. त्याच्याशी लगेच भिडू नका. गुण वाढतात तशी तुमची लढायची ताकदही वाढते. तोवर ‘सेव्ह’ करत राहा, दर वेळी नव्या नावाने. मी जागेचंच नाव देते, म्हणजे कुठून उचलायचं ते कळतं.

आणि झाडावरचं रत्नजडित अंडं सापडलं, तर ते स्वतः उघडायच्या फंदात पडू नका. ते कोणाला उघडता येतं, हे मी सांगणार नाही.